नऊ ते एक

ग्रामपंचायतीच्या हजेरीवहीत माझ्या हातचं एक खोटं आहे. ते तसंच मागे ठेवून मला जायचं नाही, म्हणून हे लिहितो.

खोडाळ्याच्या बाजारात दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून आमच्या पाड्यावरच्या एकाला कोर्टाने तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा दिली. पाच दिवस, रोज चार तास, विहिरीकडे उतरणारी वाट दगड रचून नीट करायची. देखरेख ग्रामपंचायतीची. ग्रामसेवकाकडे दोन गावं, त्याने वही माझ्याकडे दिली. मी निवृत्त शिक्षक, हा माणूस चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. मला तो मान वाटला, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी नऊला पोचलो तर वाटेवर सात-आठ माणसं. नागली कापून झाली होती. इकडे एकाचं काम निघालं की शेजारी कुदळ घेऊन येतातच, बोलवावं लागत नाही. त्याची बायकोही दगड वाहत होती. मी सगळ्यांना थांबवलं. शिक्षा त्याला आहे, पाड्याला नाही; कोणी त्याच्याजवळ दिसलं तर दिवस धरणार नाही, असं सांगितलं.

एक म्हातारी म्हणाली, "मंग वाटंनं पण त्यालाच एकट्याला चालाय लावशील का?"

सगळे हसले आणि निघून गेले. त्याला मी बजावलं, मी येऊन सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. सोडलीस तर कोर्टाला कळवीन.

तीन दिवस मी दुपारी एक वाजता जाऊन सही केली.

चौथ्या दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जव्हारला गेलो. बँकेत रांग मोठी. तिथेच अनोळखी नंबरचे तीन कॉल आले, मी उचलले नाहीत. संध्याकाळी मुलीने ठेवून घेतलं, दुसरा दिवसही तिच्याकडेच गेला. परतल्यावर घरी बसूनच दोन्ही दिवसांपुढे 'नऊ ते एक' लिहिलं, 'काम समाधानकारक' असा शेरा मारला आणि वही पोचती केली.

आठवड्याने ती म्हातारी भेटली, तेव्हा कळलं. दोन्ही दिवस तो अंधार पडेपर्यंत तिथेच होता. काम तर चौथ्या दिवशी दुपारीच संपलं होतं. मग रिकामा बसलेला दिसू नये म्हणून रचलेले दगड काढून पुन्हा रचत राहिला. पाणी द्यायलाही कोणी गेलं नाही, कारण मीच मनाई केली होती. ते कॉल त्याच्या बायकोचे होते, शेजाऱ्याच्या फोनवरून.

तेव्हापासून दुपारी एक वाजला की मी उठतो, चपला घालतो, अंगणापर्यंत जातो आणि परत येतो. जेवण जात नाही. ग्रामसेवकाला सांगितलं, वही दुरुस्त करू. तो म्हणाला, "गुरुजी, अहवाल कोर्टात गेला. आता तुम्ही लिहून दिलंत, तर पहिलं बोलावणं त्यालाच येईल."

म्हणून इथे लिहितो. चौथा आणि पाचवा दिवस, नऊ ते अंधार. देखरेखीला कोणी नव्हतं.

शेवटी त्याच्या घरी गेलो. दोघं मजुरीला वसईकडे निघाली होती, रस्त्यावर जीप उभी होती. मी सगळं सांगितलं. विचारलं, एक वाजल्यावर निघून का आला नाहीस?

"तुमी आलाच नाय," तो म्हणाला. "मंग कसा जाऊ?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. बायकोने गाठोडं डोक्यावर घेतलं. मी दारातच उभा होतो, हे तिने बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आता तरी जाऊ का, गुरुजी? का सही पायजे?"

मी बाजूला झालो.