एकाच आत्याची दोन नावं

पौषातला पहिला रविवार, सकाळी दहा. जागा: आमच्या सुपारीच्या वाडीतली माझी जेवणाची शेड, एरवी इथे हरिहरेश्वरला आलेली मंडळी जेवतात. हजर: मी, माझा थोरला भाऊ, वहिनी, आणि आमच्या वडिलांची एकुलती एक बहीण, म्हणजे आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, पहिल्या एसटीनं सासरहून, तळा गावाहून, एकटी आलेली. यातले वाडीचे वारस तिघं. टेबलावर ठेवलेल्या सरकारी नोटिशीत मात्र वारस चार होते.

चूक माझी होती, म्हणून सगळ्यांना बोलावलंही मीच.

वाडी आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतली. ते गेले, पण सातबाऱ्यावर तेच राहिले. वडिलांनी जन्मभर सारा भरला, वारसनोंद काही केली नाही. मग तेही गेले. सातबाऱ्यावरची मयत नावं उतरवून जिवंत वारसांची चढवायची मोहीम सरकारनं काढली, तेव्हा तलाठी आपणहून दारात आला. मुलींना बरोबरीचा हक्क देणारा कायदा येऊन वीस वर्षं झाली, पण विचारायला कोणी दारात आलं ते पहिल्यांदाच. श्रीवर्धनच्या वकिलांना मी खात्रीसाठी विचारलं. ते म्हणाले, "तो बदल वडिलोपार्जित जमिनीसाठी. तुमच्या आत्यांचा हक्क त्यांचे वडील गेले त्या दिवसापासून आहे. नाव तेवढं लागलेलं नाही."

दादाचं म्हणणं वेगळं होतं. आत्याकडून हक्कसोड पत्र घ्यावं, साडी नेसवावी, ओटी भरावी, विषय संपला. तो कागद त्यानं छापूनही आणला होता.

मी वारसांची यादी केली आणि फॉर्म भरला. आत्याचं नाव आजोबांच्या जुन्या रेशनकार्डावरून घेतलं. ते एका फुलाचं. जोडली तिच्या आधारची झेरॉक्स. त्यावर एका नदीचं. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तिथे साठ वर्षांपूर्वी आत्या फुलाची नदी झाली. हे मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी मी तपासत नाही, तेवढी एक खोड आहे. गावच्या पंचांनी जबाबात सांगितलं, "व्हय, दोन नावं हायेत." लिहिणाऱ्यानं दोन मुली लिहिल्या.

"शाब्बास," दादा नोटीस वाचून म्हणाला. "एका आत्याच्या दोन केल्यास. आता दोन वाटे आत्यांचे आणि एक आपल्या दोघांत. अजून एखादी असली तर बघ, वाडीच संपेल."

आत्यानं चष्मा पुसला, नोटीस वाचली आणि शांतपणे म्हणाली, "मग तुझं सोपं झालं की रे. तुला हक्कसोड हवंय ना? ते ह्या दुसरीकडून घे. मी नाही सोडत."

वहिनीला एवढं हसू आलं की ती पोह्यांची ताटली घेऊन आत गेली.

दादानं अडकित्ता घेतला. विचारात पडला की तो सुपारी कातरतो, खात नाही. "आत्या, खरंच वाटा मागतेस?"

"नारळ-सुपारी तुम्हीच काढा, मला कुठं चढता येतंय? मला नाव पायजे. ह्या वाडीत झाडांना आळी केलीत मी, पाणी लावलंय. सासरी घर यांच्या नावावर होतं, आता मुलाच्या. कुठंतरी माझं असू दे."

अख्खी सुपारी कातरून झाली. मग दादा म्हणाला, "लाव नाव." हक्कसोडीचा कागद त्यानं फाडला नाही, पण घडी घालून पिशवीत टाकला.

सोमवारी मी तलाठी कार्यालयात. "आत्या एकच आहे," मी सांगितलं.

"आधी सांगायचं ना, ताई. मीसुद्धा आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गाव तलाठीभाऊच म्हणतं. म्हणून काय पगार दोन मिळतात?" त्यानं कामं सांगितली आणि मी लिहून घेतली. एक, हरकतीचा अर्ज. दोन, शाळेचा दाखला. तीन, तिला दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार. चार, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, तिच्या सहीचं. मुदत नोटिशीपासून पंधरा दिवस. त्यातले चार गेलेले.

अर्ज तिथेच दिला. शाळेच्या रजिस्टरात चौथीच्या पानावर फूल सापडलं. साक्षीदार आत्याच्या वर्गातली, बंदरावर मासळी सुकवणारी आजी. "ही तीच हाय," ती सही करताना म्हणाली. "माझी पाटी फोडलेली हिनं. ते पण लिवा."

नवं शिकलेलं मी लगेच वापरलं. नव्या कामगार कायद्याप्रमाणे माझ्या शेडमधल्या स्वयंपाकाच्या बाईंना नेमणूकपत्र द्यायचं होतं. या वेळी आधी विचारलं, नावं किती?

"दोन हायेत, ताई. पगार कंच्यावर येनार?"

"बँकेत आहे त्यावर."

"मग त्येच लिवा. दुसरं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी नदी उर्फ फूल असा केला होता. आत्यानं फोनवर ऐकून उलटा करायला लावला. सहीसुद्धा दोन्ही नावांनी करणार, आधी माहेरच्या. "बापाच्या जमिनीवर सासरच्या नावानं चोरासारखी शिरू का?" वकिलांना विचारलं, चालतं म्हणाले. पण ते नाव तिनं लग्नापासून लिहिलेलं नाही. आता तळ्याला नातीच्या वहीत गिरवते आहे.

काल पुन्हा फोन केला. "जमलं का?"

"पहिलं अक्षर वाकडं येतं."

"वाकडं चालतं, आत्या. पाच दिवस राहिलेत."

"तुला चालतं. नाव माझं आहे."

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन माझ्या फाइलीत आहे. एसटीच्या वेळा वर टाचल्यात. पहिल्या तीन कामांवर बरोबरच्या खुणा झाल्या. चौथं तसंच आहे: आत्याची सही.