मुकी झालेली घोळ

घोळ हा मासा बोलतो. लग्नाआधी मला कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूचं, भाताचं आणि वालाचं. आमच्याकडे मासळी यायची ती पाटीतून, डोक्यावरून, आणि मेलेली असल्यामुळे तिच्या बोलण्याचा प्रश्नच नव्हता. नव्वद सालानंतर केव्हातरी लग्न होऊन मी पेणच्या खाडीकाठी आले आणि पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी मला सुनावलं, "घोल गलानं नाय धरत गो, कानानं धरतात."

मला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतोय. तसे ते होतेही. मिठागरात राबून म्हातारे झालेले, पायाच्या टाचा मिठानं फाटलेल्या, पण जिभेला धार. मी चिंबोरीच्या नांग्यांना घाबरले की "वालाच्या गावची" म्हणून हाक मारायचे. मलाही राग नाकावर, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

घोळ धरायची त्यांची रीत अशी. तिथी पंचमी-षष्ठीची हवी. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला ओढ इतकी असते की दोरीचं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीला पाणी सुस्तावतं, त्याच्याबरोबर मासाही. मधल्या दिवसांत दुपारची भरती चारच्या सुमारास भरते. त्याआधी तासभर होडी मिठागराच्या उघाडीसमोर न्यायची. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, तिच्यासमोर पाण्यानं खोल डोह कोरलेला असतो. तिथं वल्हं पाण्यात उभं धरायचं, मुठीकडचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि श्वास रोखायचा. खाली घोळ असली की ती पोटातला फुगा वाजवते आणि तो आवाज लाकडातून वर चढतो. आवाज आला तरच दोरी सोडायची, नाहीतर होडी पुढं. न ऐकताच गळ भिजवणाऱ्यांना सासरे 'पिकनिकवाले' म्हणायचे.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा घोळ मिळायची बंद झाली. सासरे पाण्यावर जायचे, वल्ह्याला कान लावून बसायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. दोरी सोडतच नसत, कारण आवाजच नाही. "घोल मुकी झाली," ते सांगायचे. "कंपन्यांच्या पान्यानं मुकी झाली."

आता ह्यांची नोकरी रोह्याला, कंपनीतच. ह्यांनी समजावून पाहिलं की रोह्याची नदी रेवदंड्याकडे जाते आणि आपली खाडी धरमतरची, दोन्ही पाणी भेटतात ती थेट समुद्रात. सासरे म्हणाले, "पानी काय शीव बघून चालतंय?" शब्दानं शब्द वाढला. "तुज्या पगारानं खाडी मारली," असं सासरे बोलून गेले. ह्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. होडीत वल्ह्यावर हेच बसायचे, तेही बंद झालं. दोन महिने बापलेक एका घरात राहिले आणि मधे सासूबाई आणि मी पोस्टमन. "त्यांना सांग, ताट वाढलंय." "त्याला सांग, दार लावून घे म्हनावं." शेवटी हे रोह्याजवळ वरशाला भाड्याची खोली बघून आले. मला ते घर सोडायचं नव्हतं. भांडायला का होईना, मला तो म्हातारा हवा होता.

दिवाळी होऊन गेली होती. पंचमीच्या दुपारी सासरे एकटेच निघाले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा गो संगती. एकट्याला होडी आवरायची नाय आता." मी जीव मुठीत धरून बसले. पोहता तर सोडाच, मला होडीत नीट बसताही येत नव्हतं.

उघाडीसमोर त्यांनी वल्हं उभं केलं, कानामागं लावलं. बराच वेळ बसले. मग मान हलवून म्हणाले, "मुकी." वल्हं माझ्याकडे देऊन ते दोरीचा गुंता सोडवायला पाठमोरे वळले.

मी सहज, म्हणजे निव्वळ चोंबडेपणानं, ते टोक कानामागं लावलं. आणि दचकले. आत कुणीतरी रिकाम्या घमेल्यावर बोटं वाजवत होतं. थांबायचं, परत वाजवायचं. एक नाही, दोन-तीन तरी असतील.

"मामा!" मी ओरडले. ते वळले नाहीत. पुन्हा हाक मारली. एक मचवा इंजिन धडधडत आमच्या मागून गेला, त्यालाही त्यांनी मान वळवली नाही. लाटेनं होडी हलली तेव्हा कुठं वर बघितलं.

घरात मी मागून काही बोलले की ते उत्तर देत नसत आणि मी समजायचे, मुद्दाम करतात. मनातल्या मनात किती बोलले असेन त्यांना! घोळ बोलत होती. बोलणंच मामांपर्यंत पोचत नव्हतं. हे सांगावं तर म्हाताऱ्याची खाडी सुटणार, न सांगावं तर घर फुटणार.

मी त्यांच्या समोर सरकले आणि सावकाश म्हणाले, "मामा, इथंच दोरी सोडा."

"तुला काय कलतं गो?"

मी फळीवर बोटांनी तो आवाज वाजवून दाखवला, जसाच्या तसा. थांबून, परत. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले, मग वल्ह्याकडे. चेहरा उतरत गेला. त्या वेळी मला स्वतःचाच राग आला होता. पण त्यांनी जिवंत कोळंबी शेपटीतून गळाला ओवली आणि दोरी सोडली. शिसं तळाला लागल्यावर हातभर वर घेतली, बोटाला फडकं गुंडाळलं. पहिल्या टोकरण्याला ओढलं नाही. घोळ दोरी घेऊन निघाली तेव्हा हिसका दिला. मग पाऊण तास आम्ही दोघं त्या माशाशी झटलो. मी त्यांना कमरेला धरून बसले होते, भीती कुठं गेली कोण जाणे.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले तेव्हा अर्ध्या आळीला घोळ वाटून झाली होती. जेवायला बसलो. घोळीचं डोकं ज्यानं आवाज ऐकला त्याचं, असा आमच्याकडचा रिवाज. सासूबाईंनी ते नेहमीसारखं सासऱ्यांच्या ताटात वाढलं. सासऱ्यांनी उचलून माझ्या ताटात ठेवलं.

सासूबाई बघतच राहिल्या. सासरे ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "पानी बिगडलंय तं बिगडलंय. पन घोल मुकी नाय झाली. मीच भयरा झालो. तुला उगा बोललो."

असलं बोलायला किती लागत असेल, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. पोरासमोर, बायकोसमोर, काल आलेल्या सुनेसमोर. एवढा मोठेपणा मी नंतर फार थोड्या माणसांत पाहिला. ज्या घरात तो होता त्या घरात मला दिलं, म्हणून मी आईवडिलांचे आजही आभार मानते.

हे पाट घेऊन उठले, बापाच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "उद्यापासून माजी नाइट हाय. पानी कितीला भरतंय?"

"काय?" सासरे म्हणाले.

ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकून मोठ्यानं तेच विचारलं. आता ऐकू गेलं होतं. सासऱ्यांचे डोळेच ते सांगत होते. तरीही त्यांनी पुन्हा विचारलं, "काय?" आणि ह्यांनी पुन्हा सांगितलं.