जोत विझली तेव्हा मी तिथे होते

गेल्या वर्षी गणपती उठून गेले तरी माझ्या मनात हात जोडावेत असं काही येत नव्हतं. देवावर राग नव्हता. रागावण्यासाठीसुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटेनासं झालं होतं. मी नागपुरातल्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवते. बाहेरच्यांना यात मोठं काही वाटतं. आम्हाला विचाराल तर पावसाळ्यात वर्ग भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत त्यातली पोरं गळून जातात, ती कुठे जातात ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका मुलाच्या घरी आम्ही शिक्षक मिळून गेलो होतो, पण तेव्हा त्याच्या फोटोला हार घालण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून रिकामा बाक दिसला की मी आधी त्यावर कोण बसायचं ते आठवते.

पोरं का गळतात, यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज चहाबरोबर चर्चा होते. कुणी म्हणतं मोबाइल, कुणी म्हणतं पाया कच्चा. मला या चर्चेचा फार वैताग येतो. माझ्या वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांना मी कधी विचारलं की इथे का आलात, तर ती एकमेकांकडे बघतात. शेजारचा गेला म्हणून, मामा म्हणाला म्हणून, दहावीत मार्क चांगले पडले म्हणून. हुशार आहे ना, मग दुसरं काय करणार? मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सगळं इंग्रजीतून ऐकावं लागतं आणि समजलं नाही हे म्हणायलाही इंग्रजी लागतं. मग तो गप्प बसायला शिकतो. पुढची सगळी वर्षं तो तेवढंच नीट शिकतो.

प्रणाली अशीच गप्प मुलगी होती. नागपूरजवळच्या खापा गावची. वडील तिथल्या नगरपरिषदेत कारकून, आई घरीच. शाळेत पहिली यायची म्हणून सगळ्या गल्लीनं तिला इंजिनिअर करून टाकलं होतं. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची. एकदा माझी एक चिन्हाची चूक झाली, पुढे गणित भलतीकडेच गेलं. मागची मुलं हसली, हिनं मात्र ती चूकही तशीच सुबक अक्षरात उतरवली होती. मी म्हटलं, "अगं, तुला खटकलं नाही का?" ती म्हणाली, "मला वाटलं असंच असते, मॅडम." गणितं ती पाठ करून यायची. पहिल्या वर्षी तेवढ्यावर कशीबशी निभावली, दुसऱ्या वर्षी नाही निभावली. इतके विषय राहिले की पुढच्या वर्गात बसू देत नाहीत. वर्षभर बाहेर राहून तेच पेपर पुन्हा द्यायचे. आमच्याकडे याला इयर डाउन म्हणतात, आणि हा शब्द पोरं घरी शक्य तितका उशिरा सांगतात.

नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी तिची रूममेट मला शोधत कॉलेजात आली. प्रणालीनं आदल्या संध्याकाळी तिला आपला कॅल्क्युलेटर देऊन टाकला होता, आकृत्या काढायचा ड्राफ्टर दिला होता, पुस्तकं दिली होती, "मले आता नाही लागत" म्हणाली होती. त्या दिवशी ती नेहमीसारखी उजाडताच बाहेर पडली होती आणि तिचा फोन बंद होता.  मी तिच्या वडिलांना फोन लावला. ते मोठ्या अदबीनं म्हणाले, "बोला मॅडम. पोरगी बरी शिकून राहिली न? यंदा तिसरं वर्ष हाय, अभ्यास लय अस्ते म्हन्ते." त्यांना काहीच माहीत नव्हतं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं आणि न सांगून चालण्यासारखंही नव्हतं. तिच्या मैत्रिणींना शहरात शोधायला सांगून मी हातातला तास दुसऱ्यावर टाकला आणि खाप्याची बस पकडली. पर्समध्ये काय घेतलं तर सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. ती सापडली तर तिला म्हणायचं होतं, रोज माझ्या घरी ये, मी तुला यातून काढते. माझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय?

बसमध्ये शेजारी एक बाई बसल्या होत्या, पाटणसावंगीच्या. नागपूरहून लेकीकडून परत निघाल्या होत्या आणि त्यांचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. जावई, म्हैस, गुडघे, सगळं सांगून झालं. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि बसनं आचका दिला. फाट्याशी ती थांबली ती थांबलीच. कंडक्टर म्हणाला दुसरी गाडी येईल, थोडा वेळ लागेल. मला रडू यायचं बाकी होतं. बाई मात्र खूश. "अष्टमीच्या दिवशी देवीनं उतरवलं पाहा बाई. चाला, गाडी येईलोक दर्शन करून येऊ." मी नको म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ऑटोत बसवलं. मी मोठ्यानं ओरडणार होते, तोवर ऑटो निघालाही होता.

कोराडीच्या देवीपुढे नवरात्रात लोक आपापल्या नावाची अखंड जोत लावतात. मनात काही इच्छा धरायची, नाव लिहून द्यायचं, आणि नऊ दिवस तेल घालण्याचं काम तिथले सेवेकरी करतात. दर्शनाच्या रांगेला अंत नव्हता, म्हणून बाई मला आधी जोती बघायला घेऊन गेल्या. जोतींचा तो हॉल मी पूर्वीही पाहिला होता, पण त्या दिवशी आत शिरताच तेलाचा वास आणि उष्ण हवा अंगावर आली. जरा बाजूला व्हावं म्हणून भिंतीकडे वळले, तर भिंतीला टेकून प्रणाली बसली होती.

मी तिला हाक मारली. ती दचकली नाही. जणू वर्गात नाव घेतलं असावं तशी तिनं मान वर केली.

"मॅडम, तुमची पण जोत हाय का इथं?"

"नाही गं. तू काय करतेस इथे?"

तिनं समोरच्या ओळीतली एक जोत दाखवली. तिच्यापुढच्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं. बाबांनी लावली, म्हणाली, लेक इंजिनिअर होऊ दे म्हणून. मग खाली बघत, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, ती म्हणाली, "मी देवीले सांगतलं, बाबाहिले सांगाची मह्यी हिंमत नाही. तूच विझव. विझली की मी समजीन तुले पण मंजूर नाही, मंग मी घरी सांगीन. घट बसले तवापासून रोज येऊन बसून राहिली. पण हे लोक तेल टाकतेत न, मॅडम. विझूच देत नाहीत."

"आणि नाही विझली तर?"

 मंदिराच्या अंगाला तलाव आहे. तिनं त्या बाजूला एकदा पाहिलं आणि पुन्हा जोतीकडे पाहू लागली. "उद्या तर उठतेत साऱ्या जोती," एवढंच म्हणाली. नवमीला जोतींचं विसर्जन असतं.

माझ्याजवळ तिला सांगायला घोकलेलं सगळं होतं. परत परीक्षा दे, मी शिकवते, एका वर्षानं काय बिघडतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून फुटेना. आज मला वाटतं, देवीनं त्या दिवशी केलेली पहिली कृपा हीच, की तिनं माझं तोंड बंद ठेवलं. ती मुलगी माझ्यासमोर जीव मुठीत धरून बसली होती आणि मी तिला गणिताचा क्लास देऊ करणार होते.

एवढ्यात आमच्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी काय ऐकलं, किती ऐकलं, देव जाणे. "कोन्ती वं पोरी तुह्यी जोत?" म्हणत त्या पुढे वाकल्या. चिठ्ठी वाचायला डोळे बारीक केले. डोक्यावरचा पदर घसरला तसा त्यांनी तो झटक्यानं मागे टाकला. त्याचा वारा लागला. जोत एका बाजूला कलली, आणि विझली.

बारीक धूर वर गेला. बाईंचा चेहरा काळवंडला. "अग माय माय माय," म्हणत त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि देवीच्या दिशेनं हात जोडले. तेल घालणारी एक सेवेकरी बाई आली. तिनं एक वात घेतली, शेजारच्या जोतीला लावली, आणि प्रणालीची जोत पुन्हा पेटवली. "काही नाही होत, मावशी. एकीवरूनच दुसरी लागते," म्हणाली, आणि तेलाचं भांडं घेऊन पुढे गेली. तिला थांबायला वेळ नव्हता.

प्रणालीनं माझा हात धरला होता. तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

"विझली न, मॅडम? तुमी पाहिलं न?"

मी संभाव्यता शिकवणारी बाई आहे. गर्दीच्या ठिकाणी उघडी जोत पदराच्या वाऱ्यानं विझणं यात नवल नाही, हे मला कळत होतं. मुलांच्या अशा भाबडेपणाला वर्गात मी कितीदा हसले असेन. पण त्या मुलीला साक्षीदार हवा होता आणि तिथे मी होते. पदर बाईंचा होता, वारा पदराचा होता, आणि त्या पदराला नेमकं तिथे आणून उभं करायला बस बंद पडली होती. याच्यापुढे मला काही मोजता आलं नाही. मी म्हटलं, "हो, पाहिलं. विझली होती."

मग ती रडली. तोंडात ओढणी कोंबून, अंग गदगदा हलवत रडली. मीही रडले. बाई आमच्या दोघींच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "मी सांगतो तुह्या बापाले, म्याच विझवली म्हनून. तू कायले भेतं?" पुढच्या बसमध्ये त्यांनी पोरीचा हात हातात ठेवला आणि पुन्हा म्हशीचं पुराण लावलं. या वेळी मी ते मन लावून ऐकलं. पाटणसावंगीला, "बापाले सांग, म्याच विझवली," असं पोरीला पुन्हा बजावून त्या उतरल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि पुन्हा त्या कधी दिसल्या नाहीत.

खाप्याला तिचे वडील दारातच उभे होते. नवरात्राचे नऊही दिवस ते पायात काही घालत नव्हते. मुलीला माझ्याबरोबर पाहून आधी त्यांचा चेहरा उजळला आणि मग माझ्याकडे पाहून हळूहळू विझत गेला. प्रणालीनं उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं, नापास झाल्याचं, वर्ष गेल्याचं, कोराडीचं. तलावाचं तिनं सांगितलं नाही. ते मी तिच्या आईला आत नेऊन नंतर सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "जोत विझली?"

"हो बाबा. पन लगेच लावली त्याहिनं."

ते पायरीवर बसले.  "मले सांगाचं होतं वं," ते म्हणाले.

"तुमी माह्यासाठी अनवाणी फिरून राहिले होते. कसं सांगू?"

त्यांनी आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. तिला जवळ घेणं त्यांना जमलं नाही, आणि रागावताही आलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी समजावा न तिले. एक डाव अजून." प्रणाली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "भाऊ, मी तेवढ्यासाठीच निघाले होते. आता मला ते सांगवत नाही. पोरगी घरी आली आहे, तिला घरी राहू द्या." ते उठून आत गेले. आईनं मला पाणी दिलं, आणि प्रणालीला जवळ ओढून तिचं डोकं कितीतरी वेळ आपल्या खांद्यावर धरून ठेवलं.

ही गोष्ट इथे आनंदानं संपली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. प्रणाली कॉलेजात परत आली नाही. वडील दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. संक्रांतीनंतर त्यांचा मला एकदा फोन आला, मॅडम, अजूनही पेपर देता येतेत का? मी येतात म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवला. ती आता सावनेरला बी.ए. करते. फार खुलली आहे असं नाही. फोनवर तिचा आवाज अजून दबलेलाच असतो. पण फोन ती उचलते.

माझा वर्ग यंदाही भरला आणि गळायला लागला आहे. ती गळती मी थांबवू शकत नाही, हे मी आता मान्य केलं आहे, आणि मान्य करणं म्हणजे हात झटकणं नव्हे हेही मला उशिरा कळलं. जे माझ्या हातात आहे ते मी करते. कुणी दिसेनासं झालं की घरी जाते. पुढचं माझ्या हाती नाही. ज्या दिवशी मी निघाले त्या दिवशी मला पोहोचवलं गेलं, याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. अधूनमधून कोराडीला जाते. पूर्वी देवीपुढे उभी राहिले की काय काय मागायचे. आता मागत नाही, फक्त पोरांची नावं घेते, आणि ज्यांनी कॉलेज सोडलं त्यांची आधी घेते. प्रणालीचं नाव घेताना मला अजूनही भीती वाटते. ती भीतीसुद्धा देवीच्या पायाशी ठेवते आणि परतीची बस धरते.