दारफाळणीच्या आधी

“निघाले बघा देवीसाहेब माफीच्या फिरतीवर. सण जवळ आला वाटतं,” हेडक्लार्क शेजारच्या टेबलाकडे वाकून म्हणाले. दोघेही हसले. मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. देवीसाहेब दाराशी पट्टेवाल्यासमोर टोपी हातात घेऊन उभे होते. उन्हाळ्यात कधीतरी ते त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते.

“आवं साहेब, ते कवाच इसरलो मी,” पट्टेवाला लाजून म्हणाला.

“मी नाही ना विसरलो.”

देवी टोचणाऱ्यांवरचे ते इन्स्पेक्टर, म्हणून सगळ्या सातारा जिल्ह्याचे देवीसाहेब. कुलाब्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचे आजोबा तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. हेडक्लार्क पाठीमागे त्यांना शनवारतेली म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. सरकारी शनिवार काही सुटत नसे. ते ऑफिसला येत, पण शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवार सरेपर्यंत पेन हातात धरत नसत. साथीची खबर आली तर मात्र वार न बघता सायकल काढत. “कुणाचा जीव जात असला की शनिवार आपोआप बाजूला होतो,” म्हणत.

मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिथे आम्ही दिवसातून वीस वेळा ‘सॉरी’ म्हणायचो. शब्द तोंडातून गेला की गोष्ट संपली. ऑफिसातही वेगळं नव्हतं. मेमोला उत्तर गेलं की फाइल बंद. देवीसाहेबांचं असं काही बंदच होत नसे. दारफाळणीचा सण म्हणजे त्यांचा मोठा उपास: दारं लावायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर देवासमोर बसायचं. पण त्याआधी वर्षभरात दुखावलेल्या एकेका माणसाच्या दारी जायचं. “देवाचं देव बघून घेईल. माणसाचं माणसाकडेच जाऊन मिटवावं लागतं. तिथे देवाचाही इलाज नाही,” ते मला एकदा म्हणाले होते. मी नुसती मान हलवली. ऑफिसात मी एकटीच बाई. मान हलवणं एवढंच माझं बोलणं.

त्या वर्षी माण तालुक्यातल्या एका धनगरवाडीत देवीची साथ शिरली. एका लहान मुलीचा डोळा गेला. आधीच्या हिवाळ्यात तिथे टोचायला कुणी गेलंच नव्हतं, कारण फिरतीच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं. यादी मी देवीसाहेबांच्या हातच्या कागदावरून टाइप केली होती. उशिरा केली होती. शुक्रवारची उन्हं उतरत असताना ती त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांनी न वाचता सही केली.

चौकशी झाली. हेडक्लार्क मोठ्या साहेबांसमोर गोड आवाजात म्हणाले, “शुक्रवारची घाई, साहेब. धर्म आड आला, दुसरं काय?” देवीसाहेब म्हणाले, “सही माझी आहे.” त्यांची बढती थांबली आणि दिवाळीनंतर विजापूरला बदली ठरली. मी खाली बघत बसले. त्याआधीच मी मूळ कागद शोधून पाहिला होता. यादी पाठीमागेही होती. एकच ओळ. मी पान उलटलंच नव्हतं. कागद मी माझ्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. चार महिने मी रोज ते कुलूप ओढून बघत होते. त्या चार महिन्यांचा शीण आज इतक्या वर्षांनी, सांगलीच्या या घरात लिहितानाही अंगावर येतो.

त्या दिवशी पट्टेवाल्याकडून देवीसाहेब सरळ माझ्या टेबलाशी आले.

“बाई, तुमचीही माफी मागायची आहे.”

मी टाइप करायची थांबले.

“वाडी मी लिहिली होती असं मला सारखं आठवत होतं. तेव्हा मनात म्हटलं, हिनेच गाळली आणि आता गप्प बसली आहे. हाती पुरावा नसताना चार महिने मी तुम्हाला मनातल्या मनात दोषी धरलं. तुमच्याशी धड बोललो नाही. सोडून द्या.”

मी कुलूप काढलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उलटला, वाचला, पुन्हा नीट घडी घातली. चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“माझ्यापुरतं मी सोडलं,” ते म्हणाले. “पण त्या पोरीचा डोळा काही माझा नाही. तो मी कसा सोडू?” कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाले, “रविवारी म्हसवडची गाडी आहे. मी येईन सोबत. बोलायचं मात्र तुम्ही.”

लढाईच्या दिवसांतली, पेट्रोलऐवजी कोळशावर चालणारी मोटार. चढ आला की उतरावं लागे. म्हसवडच्या पुढे दोन तास चाललो. देवीसाहेब पाय ओढत पुढे, मी मागे. परत फिरू या असं मी चारदा मनात म्हटलं. वाडीत मुलीची आई खोपटासमोर लोकर पिंजत बसली होती.

“आवं देवीसाहेब, मागच्या म्हैन्यात तर येऊन गेलासा! पाया पडू नका म्हून सांगितलं तरी ऐकला न्हाई. आता काय ऱ्हायलं?” तिने माझ्याकडे पाहिलं. “आन् ह्या कोन? डाक्टरीन हाय व्हय?”

देवीसाहेब जरा बाजूला जाऊन उभे राहिले. मुलगी आईच्या पाठीआडून मान वाकडी करून एका डोळ्याने मला बघत होती.

“डॉक्टर नाही,” मी म्हणाले. “टोचायच्या गावांची यादी मी उतरवली होती. तुमची वाडी पानाच्या मागे होती, आणि मी पान उलटलं नाही.”