आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र

मंडळी, चुका सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, आणि आपल्या समाजाच्या सभागृहातल्या टाइपरायटरवर मी हे पत्रक एका बोटानं लिहितेय.

आज ताईच्या लग्नाच्या परवानगीसाठी रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ऑफिसात गेलो. इथं इस्राएलात त्यांच्या होकाराशिवाय लग्न लागत नाही. पप्पा बाहेर बाकावर बसले. आईला हिब्रू येत नाही, म्हणून बोलायला मी.

तिथल्या माणसानं आईच्या गळ्याकडे बोट केलं. "हे कसलं? हे तर हिंदू घालतात. तुम्ही नक्की यहुदी?"

आई म्हणाली, "सांग त्याला, कोकणात आमच्यात सगळ्या घालतात. शनिवारच्या शाब्बाथला आमच्या घरी चूलसुद्धा पेटत नव्हती."

मी सांगितलं. तो नुसता हसला.

ताई रडायला लागली. तेव्हा आईनं मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. "आता विचार, देतो का परवानगी?"

"बघू. पुढच्या महिन्यात या," तो म्हणाला.

बाहेर पप्पांनी आईचा मोकळा गळा बघितला. "काय गं, मी मेलो की काय?"

कोणी हसलं नाही. आईनं अजून ते घातलेलं नाही.

तुमच्यातल्या बायका तिथं घालून जातात की काढून?

आत्ताच कळलं, उद्या आपल्या गल्लीत पाणी नाही. बादल्या भरून ठेवा.