पेटी वाजवणारी बोटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि प्रार्थनेत तर मुळीच नाही — तिथे आपण सोयीची पापं आधी सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही.

कोल्हारजवळच्या आमच्या गावात सुगीच्या सणाला लोक शेतातलं काहीबाही चर्चमध्ये आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. आई-बाबा गेल्यापासून त्यातला एक वाटा त्यांच्या नावानं निघतो आणि मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनासाठी पुण्याला जातो. कल्पना माझी. बॅनरवर बाबांचा फोटो, आईचा फोटो, आणि दोघांहून मोठा प्रमुख पाहुण्यांचा. पाहुणे दर वर्षी संशोधनाचं महत्त्व सांगतात आणि कोण कशानं गेलं हे न विचारताच निघतात. मी मनात हसतो. हसायचा हक्क मला आहे का — ते येईलच पुढे.

बाबा शाळामास्तर. चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मग त्यांची बोटं पेटी नसतानाही वाजवू लागली — मांडीवर, ताटाच्या कडेवर. मग चाल अडखळू लागली. गाव म्हणालं, "मास्तर लई घ्यायला लागलं." थेंबही न घेणारा माणूस. पुण्याच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, हा आजार रक्तातून येतो. प्रत्येक मुलाचं नाणं उडवल्यासारखं — येईल, नाहीतर येणार नाही. उपाय नाही, तपासणी मात्र आहे. बहिणीलाही सांगा, म्हणाले.

आणि मी काय केलं? गुपचूप स्वतःची तपासणी करून घेतली.

माझं नाणं बरं पडलं. परत येताना इतकं हलकं वाटलं, की राहुरीला एसटीतून उतरून भजी खाल्ली. बाबा तेव्हा घरात भिंत धरून चालत होते.

तेव्हा बहिणीचं, रूथचं, लग्न ठरलेलं होतं. आईला मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "लग्नाआधी सांग तिला. माझ्यानं न्हाई व्हायचं." मी हो म्हणालो. मग पत्रिका छापून आल्या. मग मांडव पडला. मग तिला दिवस गेले म्हणून, मग मूल लहान म्हणून — किती सांगू? आई जाताना माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी आणायला उठलो.

त्यानंतर हा निधी. कळतंय ना, कशासाठी? कधीतरी उपाय निघेल आणि मला सांगावंच लागणार नाही — भोपळ्यांच्या लिलावातून एवढी आशा धरली मी.

रूथ दर वर्षी सासरहून येते आणि सगळ्यांत मोठ्यानं बोली लावते. यंदा एक भोपळा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. लिलाव पुकारणारे काका म्हणाले, "रूथबाई, भोपळा बारका हाय, आकडा लई मोठा झाला."

"बाबांच्या नावाचा हाय," ती म्हणाली. सगळे हसले.

मग प्रार्थनेला माना खाली गेल्या. भोपळा तिच्या मांडीवर होता. त्यावर तिची बोटं हलत होती. थांबली — मी श्वास सोडला — पुन्हा सुरू झाली. सवय असेल? गाण्याचा ठेका असेल? मी डोळे मिटून घेतले. सगळे आमेन म्हणाले, तरी उघडवेनात.

तिच्याही लक्षात आलं होतं. "बघ दादा," हसत म्हणाली, "मलाबी बाबांची पेटी यायला लागली."

आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. तिच्या मुलीला, शेरॉनला, रविवारी बघायला येणार आहेत, माणसं चांगली वाटतात. "घराण्याचं काही विचारलं तर तूच बोल. मी एक सांगायला जाते आणि दहा सांगून बसते."

मी म्हणालो, "बोलतो."

आज शनिवार आहे. मी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.