हणमंत साइन

प्रणिताताई खुर्चीवर उभी राहून खाली फरशीवर ठेवलेल्या तिच्या नोट्सचे फोटो काढत होती. पानं उडू नयेत म्हणून मी टोकं अंगठ्याने दाबून धरलेली.

"अंगठा काढ. डॉक्टर लोक तुझं नख पाठ करतील."

ताई दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात एमडी करते. मी नववीत शाळा सोडली, तिथून जवळच मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट बनवतो. पण तिच्या नोट्सची पीडीएफ मीच करायचो.

आधीच्या नोट्स कुणीतरी स्वतःच्या नावाने फिरवल्या होत्या. म्हणून यावेळी ताईने मेंदूच्या धड्यात एक खोटं लक्षण घुसडलं. मान डावीकडे वळवली की उजवी भुवई उडते. नाव, हणमंत साइन. हणमंत म्हणजे मी.

"जो हे सांगेल तो चोर," ती म्हणाली.

चार महिन्यांनी तोंडी परीक्षा. नापास झाली तर सहा महिने परत तेच. मी सुट्टी टाकून गेटवर उभा. ती बाहेर आली ती पांढरीफटक.

"सरांनी हणमंत साइन विचारलं."

तोंडी परीक्षा घेणारे हेच सर तिला शिकवतात आणि वर्गात कॉपीराइटवर भाषण देतात. त्यांच्या प्रत्येक स्लाइडखाली असतं, परवानगीशिवाय वापरू नये.

"मग सांगितलंस ना, खोटं आहे म्हणून?"

"डावीकडे मान, उजवी भुवई. सर म्हणाले, व्हेरी गुड, आजकाल कोणी वाचतच नाही."

"ताई, यार, चोर समोर बसला होता."

"आणि मार्क त्याच्याच हातात होते, हणम्या."

ती पास झाली. माझं डोकं मात्र शांत होईना. पीडीएफ आमच्याशिवाय फक्त तिच्या बॅचमधल्या सिद्धांत नावाच्या मुलाकडे होती. मेसमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हणालो.

"भैया, मैंने तो फाइल खोली भी नहीं."

ताई शेजारी बसून मान खाली घालून राजमा खात होती.

सिद्धांतची माफी मी मागणार नाही. मागितली तर कारण सांगावं लागेल. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या महिन्यात ताईचा जुना फोन माझ्याकडे आला. त्यात टेलिग्रामवर नोट्स वाटणारा एक ग्रुप होता. नियम एकच, आत यायचं तर आपली एक फाइल टाकायची. ताईने आमची पीडीएफ टाकली होती, फोटो काढले त्याच आठवड्यात. आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी डाउनलोड केली होती सरांची सगळी लेक्चर्स.